दाराजवळची जागा

सोफ्यावर लालासाहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंना तासगावचे पाहुणे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खाली फरशीवर राजेश्वरी, पुढ्यात लसूण घेतलेली. बंगला नवा होता, सोफा त्याहून नवा. सुनेनं सासऱ्यासमोर कुठं बसायचं ते मात्र जुनंच होतं.

"सांग की गं पाव्हण्यांस्नी, त्या अलास्काच्या लोकांचं," लालासाहेब म्हणाले. सून पुरातत्त्वात पीएच.डी. करते याचा त्यांना भारी अभिमान. तिकडच्या विद्यापीठानं तिला तीन महिने उत्खननावर बोलावलं होतं आणि येणार की नाही ते आजच कळवायचं होतं. फौजेतल्या पृथ्वीराजनं, तिच्या नवऱ्यानं, फोनवर सगळं वडलांवर सोपवून हात झटकले होते. आबा म्हणतील तसं. म्हणून राजेश्वरीनं जीव ओतून सांगितलं.

अलास्कातल्या त्लिंगित लोकांचे पूर्वज शेती करत नव्हते. मासे आणि शिकार यांवर जगायचे. तरी त्यांच्यात थोर होते, लहान होते, गुलामसुद्धा होते. एकेका मोठ्या लाकडी घरात कितीतरी कुटुंबं राहायची. दारापासून सगळ्यात लांब, मागच्या भिंतीपाशी घराचा प्रमुख. दाराजवळ गुलाम.

कोण कुठं बसत होतं ते आता कसं कळतं, असं एका पाहुण्यानं विचारलं. पडलेल्या केरावरून, ती म्हणाली. मागं मणी सापडले तर तिथं मोठा माणूस. दाराशी नुसती राख आणि हाडं सापडली तर दुसरं कुणीतरी.

"म्हंजे मी हितं," सोफ्यावर थाप मारत लालासाहेब म्हणाले. सगळे हसले. दाराकडं कुणी पाहिलं नाही.

तिनं धीर करून जाण्याचं विचारलं. सासरे रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ते मायेनंच म्हणाले, "पोरी, हितं बसून तुला एवढं कळतंय, मग तिकडं कशाला जायचं?"

पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि विषय द्राक्षांवर गेला. राजेश्वरी लसूण सोलत राहिली.

लालासाहेब पाहुण्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. तिनं तिथंच बसून मोबाइलवर नकार लिहिला. तेवढ्यात सासूबाई, बनुबाई, स्वयंपाकघरातून केरसुणी घेऊन आल्या. दिवेलागणीच्या आत केर निघायलाच हवा, दिवा लागल्यावर केरसुणीला हात लावायचा नाही, लक्ष्मी जाते. या घरात तो नेम कधी मोडला नव्हता.

"दाराजवळच्यांचा केर गावतो म्हणतीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"गावतो की, आत्ती."

"माजा न्हाई गावायचा. नवरी हून आल्यापास्नं रोज म्याच झाडून टाकलाय."

त्यांनी फरशीवरची लसणाची टरफलं पाहिली, मग मोबाइलकडं पाहिलं. "धाडलंस?"

"न्हाई अजून."

बनुबाईंनी केरसुणी कोपऱ्यात आडवी ठेवली. बाहेर चांगला उजेड होता, तरी त्यांनी देव्हाऱ्यात दिवा लावला आणि परत येऊन राजेश्वरीशेजारी, टरफलांतच बसल्या.

लालासाहेब आत आले. केर तसाच बघून कपाळाला आठ्या घालत उभे राहिले.

"दिवा लागलाय," बनुबाई बसूनच म्हणाल्या. "आता सकाळपातूर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई."