मुक्या शिणेमातली रजा

निजामाचं राज्य गेलं, तरी सिल्लोडच्या कापसाच्या जिनिंगातला खडखडाट काही गेला नव्हता. तो एवढा, की छपरावरचे कावळेसुद्धा खुणेनंच भांडत. बाया एकमेकींचे ओठ वाचून सुखदुःख बोलत, आणि त्यात आवडाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला वैजापूरला लेकीचं तान्हं बाळ बघायला जायचं होतं. मुकादम त्रिंबकराव काही रजा देईना.

जत्रेच्या तंबूत एक जुना मुका शिणेमा आला. पडद्यावर एक कामगार कारखान्यातून पळत होता आणि मालक मुठी आवळून, ओरडत त्याच्या मागं. पुढं बसलेल्या मुकादमानं मान वळवली.

"आवडाबाई, काय म्हणतो गं मालक?"

"म्हणतोय, जा बाबा, चार दिस लेकराबाळात राहून ये."

"मुठी आवळून?"

"मोठ्या माणसांची माया अशीच असती, मुकादम."

सगळा तंबू हसला. मुकादम तेवढा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी भर खडखडाटात आवडाबाईनं पुन्हा रजा मागितली. मुकादम मुठी आवळून ओरडला. काय ते देवालाही ऐकू आलं नसतं. तिनं मात्र त्याचे ओठ बघितले, "लई उपकार झाले" म्हणून हात जोडले आणि निघाली. मुकादम मागं धावला. तिनं काष्टा खोचला आणि वाऱ्यालाही धाप लागावी अशी पळाली. तरी फाटकाबाहेर, जिथं माणसाचा आवाज ऐकू येतो, तिथं त्यानं तिला गाठलंच.

"बये," हातातलं फडकं पुढं करत तो म्हणाला, "भाकर इसरलीस. वैजापूर काय जवळ हाय व्हय?"