त्या दुपारचा उजेड

कापसाचा भाव पडला त्या वर्षी मारेगावजवळच्या एका खरेदी केंद्रावर बैलगाड्या सहा दिवस अडून राहिल्या. सातव्या दिवशी भर दुपारी दगड उडाले. आपल्या शेतातल्या कापसाची गाडी घेऊन आलेल्या श्रीकृष्ण मास्तरांनीही रागाच्या भरात एक भिरकावला. तो हमाल रोशनच्या कपाळात बसला. हाड फुटलं, आणि कापसाच्या ढिगावर तडफडत पोरगा गेला. गर्दीत दगड कोणाचा होता, हे कोणालाच कळलं नाही.

महिन्याभरानं रोशनची आई कौसल्या शाळेत आली.

"सर, रोशन तुमच्याच वर्गात शिकला. तो सांगे, उजेड पुढं पुढं जातच राह्यते. त्याच्याहून जोरात गेलं, तर मागं घडलेलं सारं दिसते म्हणे. जाता येते का तसं?"

मास्तर म्हणाले, "नाही, कौसल्याबाई. उजेडाला कोणीच गाठू शकत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. मारणारा आता दिसायचा नाही."

"मारणाऱ्याले पाहून काय करू, सर? त्या दिवशी 'येतो माय' म्हणून तो घरून निघाला. मी भांडे घासत होती, मान वर नाही केली. तेवढं पाहाचं होतं."

ती उठून निघाली.

"थांबा," मास्तर म्हणाले. "तो दगड माझा होता."