परातीतले देव

उमाबाईचा फंड पडला, हे कानावर येताच नागुबाई पदर खोचून निजामोद्दीन एजंटाच्या दुकानाकडं निघाली. चपलेचा अंगठा तुटला तरी थांबली नाही. देव पावला होता, दुसरं काय!

उमाबाई तिची थोरली जाऊ. उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली, जागेला भाव आला, आणि घरचा सामाईक प्लॉट विकला गेला. वाटणी सारखी झाली. उमाबाईनं म्युच्युअल फंड घेतला आणि गल्लीभर मिरवली. नागुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला ठेवलेला वाटणीचा सगळा पैसा तिनं दुसऱ्या कंपनीच्या फंडात घातला. जावेनं घेतलेल्याला हात लावेल ती नागुबाई कसली! वर जावेचा फंड बुडावा म्हणून देव्हाऱ्यातले देव परातीत, पाण्यात ठेवले. दुष्काळ असा, की टँकरची वाट बघून डोळे शिणायचे. लेक तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायची, पण देवांचं पाणी हटलं नाही.

"अक्काचं लई गेलं म्हणं?" तिनं हसू दाबत विचारलं.

"हाव, गेलं," निजामोद्दीन म्हणाला. "तुमचं बी तेवढंच गेलं."

"माझं कामून? माझा तर येगळा हाय!"

"नाव येगळं, नागुबाई. आत शेअर त्याच कंपन्यांचे. दोन्हींचा सहसंबंध, म्हंजी संगं हलायचं माप, काढला तर पुरा एक या आकड्याला टेकतो. संगं चढतेत, संगं पडतेत. म्हणून म्हणत होतो, थोडं दुसऱ्या जातीच्या फंडात ठेवा. एक पडला तर दुसऱ्यानं सावरावं. तुमचं आपलं एकच, अक्काचा तेवढा नको."

लेकीची फी! म्हणजे इतके दिवस आपण मागत होतो ते हेच? घरी येऊन तिनं परातीपुढं नाक घासलं. "चुकलं रे बाबा. अक्काचा फंड चढू दे!"

नवं मागणं, तर पाणीही ताजं हवं. घरात थेंब नव्हता. तांब्या घेऊन, मान खाली घालून ती जावेच्या घरात शिरली.

उमाबाई स्वयंपाकघरात डोळे पुसत बसली होती. पुढ्यात परात. परातीत पाणी, पाण्यात देव.

"अक्का, हे कधीपासून?"

उमाबाईनं मान वर केली नाही.

"तू फंड घेतलास, तवापासून."