बाहेरचा साक्षीदार

"तुमच्यातला नगं, चांगुणा. साक्षीला बाहेरचा माणूस पायजे," ज्ञानोबा हवालदार तिसऱ्यांदा म्हणाला.

चांगुणाने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "चौदा जन होते की माज्या नवऱ्याच्या संगं. इचारा कुनालाबी."

"चौदाबी पारधीच. कोर्ट त्येंचं मानत न्हाय."

ज्ञानोबाने तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला. पारध्यांच्या पालावर गावातलं दुसरं कुणी पाणी पीत नसे. आपण पितो याचा त्याला मनातल्या मनात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. माणूस भलाच होता. ठाण्यात भल्या माणसाकडे जरा आजारी माणसासारखं पाहतात, तसं त्याच्याकडे पाहत.

सोसायटीच्या गोदामातून मिलोची, म्हणजे दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची, पाच पोती गेली होती. त्र्याहत्तरचा उन्हाळा, गावाच्या तोंडचा घास गेलेला, त्यामुळे बोंब मोठी झाली. मंगळवारी संध्याकाळी सहाला राखणदार जेवायला गेला आणि आठला परतला, तेवढ्यात चोरी झाली. बुधवारी सकाळी जीप पालावर आली आणि चांगुणाच्या नवऱ्याला, पिराजीला, घेऊन गेली. पालाजवळ एक रिकामं पोतं सापडलं, एवढाच पुरावा. आता खटला दोन दिवसांवर आला होता. पिराजीला शिक्षा झाली तर चांगुणाला दोन लेकरं घेऊन एकटीने खडी फोडावी लागणार होती.

ज्ञानोबा सायकल काढून पाझर तलावाच्या कामावर गेला. मुकादम दगडोबा बाभळीखाली बसला होता.

"मंगळवारी पिराजी कामावर हुता?"

"सुट्टी हुईस्तवर हुता. मग ते समदे गावाकडं गेले. रोजच जातेत."

"कोर्टात सांगशील?"

"सुट्टीपातूर सांगतो. म्होरचं म्या कशाला सांगू?" दगडोबाने तोंड फिरवलं.

एसटी थांब्यावर कमलबाईचं चहाचं हॉटेल होतं. तिने आठवून सांगितलं, साडेपाचला सगळे पारधी समोरून गेले. परतले तेव्हा येरमाळ्याची आठची गाडी येऊन गेली होती.

"मधल्या येळात कुठं दिसला का पिराजी?"

कमलबाईने कपबशी धुता धुता हात थांबवला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "हवालदार, मला हितं हॉटेल चालवायचंय."

ज्ञानोबाने चहा अर्धा ठेवला आणि निघाला.

ठाण्यात फौजदार साहेब पंख्याखाली बसले होते. तेही काही वाईट नव्हते. "माझं काय वैर आहे त्याच्याशी?" ते म्हणाले. "चोरी झाली की पारधी आणायचा, ही रीत मी काढलेली नाही. नाही आणला तर वरून विचारतात, का आणला नाही. तुम्ही भाकरी खाऊ घालता ना त्याला? बास झालं की."

भाकरी ज्ञानोबा रोज घरून आणत होता. कोठडीच्या गजातून त्याने फडक्यात बांधलेली चवड आत दिली. पिराजीने ती हातात धरली, खाल्ली नाही.

"म्या कोर्टात काय बोलू, तुमीच सांगा."

ज्ञानोबा जरा घुटमळला. "लई बोलू नगंस. पालावर बायका हायेत, बाकीचे गडी हायेत. त्येंना हितंच ऱ्हायाचंय."

पिराजीने हळूच मान हलवली. सल्ला शहाणपणाचा होता, पण त्या दिवशी ज्ञानोबाला स्वतःला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, उन्हाने पित्त झालंय.

खटला उभा राहिला तेव्हा पिराजीला वकील नव्हता. न्यायाधीशांनीच विचारलं, "त्या संध्याकाळी सहा ते आठ तू कुठे होतास?"

पिराजीने एकदा ज्ञानोबाकडे पाहिलं.

"रोज जातो तितंच हुतो, मायबाप."

"म्हणजे कुठे?"

पिराजीने तोंडात मिठाची गुळणी धरली. न्यायाधीश वाट पाहून कंटाळले आणि साक्षीला उभ्या असलेल्या ज्ञानोबाकडे वळले. "हवालदार, आरोपी कुठे होता याची चौकशी केलीत?"

"केली साहेब. बाहेरचा साक्षीदार मिळाला नाही."

एक वर्ष सक्तमजुरी झाली. सगळं पाऊण तासात आटोपलं.

कोर्टाच्या आवारात चांगुणा धाकट्याला काखेत घेऊन उभी होती. ती रडत नव्हती, आणि ती रडली असती तर बरं झालं असतं असं ज्ञानोबाला वाटलं.

"गावला न्हाय व्हय, हवालदारसाहेब? बाहेरचा मानूस?"

उभ्या नोकरीत इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

ठाण्यात परतल्यावर फौजदारांनी दार लोटून घेतलं आणि कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं. "पारध्यांची रोजची हजेरी कायद्याने बंद होऊन वीस वर्षं झाली. आपण अजून घेतो हे वर कळलं, तर तुमची आणि माझी दोघांची वर्दी उतरेल. त्या मंगळवारचं पान फाडा तुमच्या हातानं."

ज्ञानोबाने पान उघडलं. संध्याकाळी सहा ते आठ, ठाण्याच्या आवारात हजर, इसम पंधरा. तिसरा अंगठा पिराजीचा होता, आणि खाली, अंगठे समक्ष घेतल्याची, ज्ञानोबाची सही होती.