कोपरानं बघितलेलं पाणी

"पाणी कोपरानं बघायचं, बोटानं न्हाई," टेबलावर पालथ्या पडलेल्या सोनीबाईंनी सुनावलं. "बोट लबाड असतं."

श्रेयानं निमूटपणे कोपर पातेल्यात बुडवलं.

ओतूरच्या एसटी स्टँडमागं तिचा गाळा होता. फिजिओथेरपीची पदवी भिंतीवर, शेकायच्या पिशव्या कपाटात आणि पेशंट जेमतेम. त्यांतल्या सगळ्यांत कटकट्या पेशंट म्हणजे पठारावरच्या आणे गावच्या सोनीबाई. दिवसाआड एसटीनं यायच्या, पाठ धरली म्हणायच्या आणि पाऊण तास नुसत्या चुका काढायच्या.

खरं म्हणजे त्यांच्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं.

चाळीस वर्षं सोनीबाईंनी पठारावरच्या बाळंतिणींना तेल लावलं होतं, गरम पाण्यानं शेकलं होतं, त्यांच्या बाळांना पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटं आखडायला लागली. मूठ मिटेना. एकदा तेलकट बाळ हातातून निसटता निसटता राहिलं. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या बाळाला हात लावला नाही. का, ते कुणाला सांगितलंही नाही. "वय झालं आता," एवढं म्हणून मोकळ्या. जन्मभर दुसऱ्यांच्या शिरा मोकळ्या करणाऱ्या बाईनं आपला हात डॉक्टरपुढं धरायचा? छे! लोक काय म्हणतील?

पण आता बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या नातीला, समृद्धीला, सातवा महिना लागला होता. पहिलं पणतवंड येणार आणि त्याला न्हाऊ घालायला घरात हात नाही, हा विचार सोनीबाईंना काही सुचू देईना. तेवढ्यात त्यांना ओतूरच्या या पोरीचं कळलं. पोरीचे हात बरे असतील तर सगळं तिला शिकवून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. पण शिकल्यासवरल्या पोरीला 'तुला शिकवते' म्हणणार कसं? बिचारीला वाईट वाटायचं. म्हणून त्या पेशंट झाल्या.

पोरगी पहिल्याच दिवशी कच्ची निघाली. केस पेपरवर अंगठा घ्यायचा तर तिनं सोनीबाईंचा हात पाच मिनिटं उलटसुलट केला. 'साधा अंगठा घेता येत न्हाई,' सोनीबाई मनात म्हणाल्या. कागदाची घडी सोनीबाईंच्या पिशवीत गेली. मग चहा आला तोही कपात नाही, मोठ्या पेल्यात. दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागला.

त्यावर कडी म्हणजे पोरीला पाण्याचा अंदाजच येईना.

"आजी, तुमचे हात पातेल्यात ठेवाल का?" पातेलं ठेवलेलं स्टूल त्यांच्या हातांखाली ओढत ती म्हणाली. "निवायला लागलं की सांगा. आणि हा स्पंज दाबत राहा. नाहीतर वरचं पाणी गरम आणि खालचं गार राहतं."

"लई अवघड हाय बाई तुझं," सोनीबाई म्हणाल्या. पण कीव येऊन त्या स्पंज दाबत राहिल्या. त्याच पाण्यात पंचा पिळून श्रेया त्यांची पाठ शेकायची.

"घाई करू नगं. आधी शेक, मंग तेल. कातडीला कळू दे की कुणीतरी आलंय."

"बरं, आजी."

महिन्याभरानं स्पंज बदलला. नवा चांगलाच कडक होता.

"पयला बरा व्हता की!"

"फाटला तो, आजी. दाबा जरा जोरात."

नववा महिना भरेपर्यंत श्रेयाच्या हाताला वळण आलं. सोनीबाईंचा जीव भांड्यात पडला.

समृद्धीला मुलगी झाली. बाळंतीण घरी आली तशी सोनीबाईंनी श्रेयाला आण्याला बोलावून घेतलं. बंब पेटला. श्रेया पाटावर पाय लांब करून बसली. तेल लावलेलं बाळ तिच्या पायांवर ठेवलं.

"आजी, पाणी बघा ना."

सोनीबाईंनी कोपर बुडवलं. "कढत हाय. ईसण घाल." त्यांनीच तांब्याभर गार पाणी ओतलं.

"आई गं! आजी, पायात गोळा आला! धरा, धरा हिला!"

नको म्हणायला वेळच मिळाला नाही. श्रेया उठली, सोनीबाई पाटावर बसल्या आणि बाळ त्यांच्या पायांवर आलं. ते वळवळलं, घसरलं, आणि सोनीबाईंची पाचही बोटं त्याच्या दंडाभोवती अलगद मिटली.

मग त्या थांबल्याच नाहीत. पाठ चोळली, टाळू भिजवली, कोपरं-गुडघे मोकळे केले. चिमुरडी रडली नाही. तिनं मोठी जांभई दिली आणि पणजीकडं टकामका बघत राहिली.

बाळ पंच्यात गुंडाळून झालं तेव्हा कुठं सोनीबाईंचं लक्ष आपल्या हातांकडं गेलं. त्यांनी मूठ मिटली, उघडली, परत मिटली.

"आगं बया! मिटली गं माझी मूठ!" त्या हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "बाळाचा पायगुण बग कसा!"

श्रेया बाळाचं डोकं टिपत होती. आनंदाच्या भरात सोनीबाईंना राहवलं नाही.

"पोरी, रागावू नगं. एक खोटं बोलले मी तुज्याशी. माझी पाठ कंदी दुखतच नव्हती. तुला शिकवायला येत व्हते मी."

श्रेया नुसती खाली मान घालून हसली.

खाटेवर बसलेली समृद्धी काजळाची डबी शोधत आजीची पिशवी उपसत होती. तिच्या हाती घडी घातलेला कागद लागला.

"हा दवाखान्याचा कागद दिसतोय. पहिल्या दिवसाचा."

"वाच की मोठ्यानं," सोनीबाई तोऱ्यात म्हणाल्या. "कळू दे, कशी फसवली मी डॉक्टरणीला."

समृद्धी वाचू लागली.

"तक्रार : पाठदुखी. तपासणी : दोन्ही हातांची बोटं आखडलेली. पाठ ठणठणीत."