शेठजींनी दिलेलं घर

नागपूरहून आलेला रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंजूच्या रक्तात शिसं आहे," ते म्हणाले. "थोडंथोडकं नाही."

सुकरामला काही उमगेना. शिसं त्याच्या रोजच्या ओळखीचं. फुलचूरला गुलाबचंद शेठजींच्या गोदामात तो दिवसभर तेच काढायचा. इन्व्हर्टरच्या, ई-रिक्षाच्या जुन्या बॅटऱ्या कुऱ्हाडीनं फोडायच्या, तेजाब नालीत ओतायचं, आतल्या पट्ट्या भट्टीत वितळवायच्या. कागदोपत्री सगळा माल सरकारमान्य कारखान्यात जायचा, पण निम्म्याहून जास्त तिथंच फुटायचा. ते असो. त्याच्या मांडीवर बसलेल्या पाच वर्षांच्या पोरीनं बॅटरीला कधी बोटही लावलं नव्हतं.

"कामाचे कपडे मी भाईरच काढतो, साहेब. आंग धुतल्याबिगर तिले उचलत नाही. मंग मंजूलेच काऊन?"

"राहता कुठे तुम्ही?"

"गोदामाच्या मांगंच. शेठजीनं घर देलं. किराया बी घेत नाहीत."

हे सांगताना त्याची मान जराशी ताठ झालीच. बायको-पोरीला गावी ठेवून दरेकशाहून आला तेव्हा तो शेडमध्ये पोत्यांवर झोपायचा. मग शेठजी शहरातल्या नव्या बंगल्यात गेले आणि जुनं घर त्यांनी चक्क सुकरामला दिलं. पक्क्या भिंती, नळ, पंखा. उंबऱ्यात पाऊल ठेवताना त्याची बायको यशोदा रडलीच. फक्त अंगणात काही जगेना. दोडका लाव, वाल लाव, वेल वीतभर वाढायचा आणि पिवळा पडायचा. मंजूचंही तसंच झालं. पोट दुखायचं, घास उतरायचा नाही, सकाळी शिकवलेलं संध्याकाळी आठवायचं नाही. जंताच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झालं, गावाकडचा अंगाराही लावून झाला.

"त्या मातीत, त्या भिंतींत शिसं मुरलंय," डॉक्टर म्हणाले. "पोरगी तिथंच खेळते आणि तेच हात तोंडात घालते. मी औषध देईन. पण आधी ते घर सोडा. आणि डोक्यावर जो परिणाम झाला असेल तो पुरता भरून निघेल, असं मी सांगत नाही."

सुकरामला राग आला, तो डॉक्टरांचा. ज्यानं कोणी नसताना डोक्यावर छप्पर दिलं, त्या देवमाणसाच्या घरावर हा खुशाल बोट ठेवतो म्हणजे काय!

"असं कसं साहेब? शेठजी सोता बारा वर्सं रायले त्या घरात. त्यायचा टिंकू त्याच आंगनात खेळून मोठा झाला. घर खराब असतं त ते रायले असते का?"

डॉक्टरांनी रिपोर्टची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"सांगू नये, पण सांगतो. टिंकूला मीच तपासलं होतं. त्याचाही असाच रिपोर्ट होता. तुम्ही बसलात ना, त्याच खुर्चीवर बसवून गुलाबचंदला सांगितलं होतं मी. आजच्या आज घर सोड, आणि तिथं पुन्हा कोणाचंही लेकरू राहू देऊ नकोस."

"कवा?"

"दोन वर्षं होतील. दिवाळीच्या आधी."

कुऱ्हाडीचे घाव घालून सुकरामच्या हाताला घट्टे पडले होते. त्याच हातानं त्यानं मंजूचं बोट तिच्या तोंडातून हळूच बाहेर काढलं आणि आपल्या सदऱ्याला पुसलं. मग सदऱ्याकडे पाहिलं आणि तिचा हात तसाच धरून ठेवला.

"त्याच दिवाळीले चाबी देली त्यानं," तो म्हणाला. "मी त एकटाच येत होतो रायले, साहेब. पोरीले बी घेऊन ये, असं तोच म्हनला."