गारठा

"तिला गारठा सोसत नाय हो," ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी रंजिता डॉक्टरांना म्हणाली. टोकावड्याहून निघाल्यापासून तिने वैष्णवीच्या कानांवरचा रुमाल सुटू दिला नव्हता. लेकीच्या काळजाला भोक होतं. ते शिवताना काळीज थांबवणार होते, आणि त्याआधी सगळं अंग गार करणार होते.

"ताई, म्हणूनच तर गार करायचं," डॉक्टर समजुतीने म्हणाले. "अंग गार पडलं की आतल्या अवयवांची भूक कमी होते. मग थोडा वेळ रक्त कमी पोचलं तरी मेंदू, मूत्रपिंडं तग धरतात."

स्ट्रेचरवरची वैष्णवी खुदकन हसली. "म्हंजी आये, सगळ्या अंगाचा उपास! तुझ्या सोमवारावानी."

"व्हय गो बाय," रंजिता म्हणाली, पण स्ट्रेचरची दांडी काही तिच्या हातातून सुटेना. नर्सने हळूच बोटं सोडवली. दार उघडलं, स्ट्रेचर आत गेलं.

मागोमाग निघालेल्या डॉक्टरांची बाही रंजिताने धरली.

"डॉक्टर, उपास धरला की सोडवावा पण लागतो," ती म्हणाली. "माझ्या लेकीला उपाशी ठेवून तुमी बाहेर येऊ नका."